तळ्यावरचा दुसरा मजला

मी ज्या गावातून बदली होऊन निघतो, त्या गावातल्या जागांचे भाव दुसऱ्या दिवशी सकाळी वाढतात. ही थाप नाही. इंदूर सोडलं, तर आमची गाडी खंडव्याला पोचायच्या आत क्वार्टरमागचा उकिरडा सोन्याच्या भावानं गेला. हैदराबाद सोडलं आणि जिथे म्हशी बसायच्या तिथे काचेचे मनोरे उठले. त्यातल्या दोन म्हशी, मी ऐकलंय, पुढे सातव्या मजल्यावर राहायला गेल्या. नागपुरात तर मी निरोपाच्या समारंभात हार घालून घेत असतानाच समोरचा रिकामा प्लॉट तीनदा विकला गेला.

आमची ही म्हणते, माझ्या कुठल्याही आकड्याला पाचानं भागावं, मग उरेल ते खऱ्याच्या आसपास असतं. तीस वर्षांच्या संसारात तिचा हा भागाकार इतका पक्का झालाय, की मी "पन्नास माणसं येणार आहेत" म्हटलं की ती दहा जणांचे पोहे भिजवते. आणि पोहे उरत नाहीत.

मी सरकारी बँकेत. ऑफिस कोलकात्यात एस्प्लनेडला, टेबल घरकर्जाचं. लोकांच्या घरांचे कागद तपासण्यात माझी हयात गेली. एका गृहस्थाच्या खरेदीखतावर त्याच्या आजोबांची सही मला डाव्या हाताची वाटली, म्हणून मी त्याला तीन महिने हेलपाटे घालायला लावले होते. हिच्या हिशेबानं अठरा दिवस. असो. सांगायचा मुद्दा, कागदातलं माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा लौकिक होता. दुसऱ्यांच्या कागदातलं.

स्वतःचं घर मात्र नव्हतं. क्वार्टर बदलत राहिलो. होता तो नाशिकचा प्लॉट, लग्नानंतर दोनच वर्षांनी घेतलेला. चार कोपऱ्यांवर चुना लावलेले चार दगड आणि हिनं लावलेला एक शेवगा. दर मे महिन्यात आम्ही सुट्टीला गेलो की ही चुन्याची फक्की आणायची आणि त्या प्लॉटवर घर आखायची. इथे स्वयंपाकघर, इथे देव, इथे ओटी, ओटीवर झोपाळा. मी चुकून रेघेवर पाय दिला की म्हणायची, "अहो, भिंतीतून काय चालताय? दारातून या."

आणि मी, बँकेचा अधिकारी, भर उन्हात मोकळ्या रानात वळसा घालून, नसलेल्या दारातून आत जायचो.

पुढच्या मे महिन्यापर्यंत ते घर पावसानं धुऊन जायचं. ही पुन्हा आखायची. दर वर्षी एखादी खोली वाढायची. खाली मात्र काळा खडक. बोअर घ्यायला आलेल्या माणसानं तीन दिवसांनी हात जोडले. पहार मारली की ठिणग्या उडायच्या. रात्री आमच्या प्लॉटवर कुणी पहार मारली असती, तर पंचवटीत लोक दिवाळी समजून फराळाला बसले असते.

कोलकाता ही शेवटची बदली. निवृत्तीला तीन वर्षं. आणि मला एकाएकी वाटायला लागलं, की मी इथून निघेन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इथले भाव वाढतील. तीन गावांनी मला फसवलं, चौथ्याला फसवू द्यायचं नाही. निघायच्या आधी घ्यायचं, भाव वाढले की विकायचं, आणि त्यातून नाशिकला प्लॉट तर प्लॉट, वर बांधलेलं घर घ्यायचं. जन्मभर बदल्या झालेल्या माणसाच्या डोक्यात हा किडा असतोच. ज्याला एका गावात राहायचं असतं तो जमीन बघतो, आणि ज्याला निघायचं असतं तो नुसते भाव बघतो.

त्यासाठी प्लॉट विकावा लागणार होता.

"दोन वर्षांत तिप्पट," मी हिला म्हणालो.

"पाचानं भागलं तर तोटा होतोय," ही म्हणाली.

महिनाभर मी तिच्यामागे भुणभुण केली. शेवटी एका सकाळी भाजी चिरताचिरता ती म्हणाली, "करा काय करायचं ते. पण एक सांगते. रिटायर व्हाल त्या दिवशी क्वार्टरची किल्ली परत द्यावी लागेल. ती दिली की माझ्या हातात दुसरी किल्ली पाहिजे. पत्र्याचं घर असलं तरी चालेल. पण माझं."

"बंगल्याची किल्ली देतो," मी म्हणालो. तिनं मनात भागलं असणार. प्लॉट विकला गेला.

इथे बिल्डरला प्रमोटर म्हणतात. माझा प्रमोटर जानेवारीत कानटोपी आणि गळ्यात मफलर घालून मला डमडमला जागा दाखवायला आला. मला तर सदऱ्यातसुद्धा उकडत होतं. विमानतळ इतका जवळ, की उतरणाऱ्या विमानातल्या पायलटच्या मिशा मोजता याव्यात. मेट्रो हाकेच्या अंतरावर. आणि जागा! काय सांगू. आजूबाजूला दाटीवाटीनं जुनी घरं, आणि मधोमध हा मोकळा, सपाट, तळहातासारखा तुकडा. चारी बाजूंनी नारळ, एका रेषेत, जणू कवायतीला उभे केलेले. एका कडेला विटांच्या तीन पायऱ्या जमिनीत उतरत होत्या.

"बेसमेंटची तयारी आधीच करून ठेवलीय की!" मी खूश होऊन म्हणालो.

प्रमोटर माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, आप तो इंजिनियर का माफिक सोचता है."

मी जमीन तपासली. आमच्याकडच्या पद्धतीनं. बूट आपटून. जानेवारीची वाळलेली माती, ठणठणीत वाजली. दख्खनच्या माणसाला जमीन म्हणजे खडकच वाटते. वर माती असेल, मुरूम असेल, पण खाली कुठेतरी तो काळा म्हातारा बसलेला असणारच, अशी आमची जन्मजात श्रद्धा. जमिनीच्या खाली जमीनच नसेल, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

कागद बंगालीत होते. मला बंगाली वाचता येतं ते मिठाईच्या दुकानांच्या पाट्यांपुरतं. ऑफिसात नेऊन आमच्या वकिलाला दाखवायला पाच मिनिटं लागली असती. पण दाखवले असते तर ऑफिसभर झालं असतं, आणि मग सगळे डमडमला धावले असते! असा सोन्याचा तुकडा मी कुणाला दाखवू? शिवाय प्रमोटर म्हणाला, "सेकंड फ्लोर का ये लास्ट फ्लैट है. कल सुबह दूसरा पार्टी आएगा." हे वाक्य माझ्या टेबलासमोर बसून हजार लोकांनी मला सांगितलेलं. त्या प्रत्येकाला मी म्हणालो होतो, "दुसरा पार्टी कभी नहीं आता." तरी मी त्याच दिवशी सही केली.

मग दोन वर्षं मी बसलो म्हणून नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की एस्प्लनेडला मेट्रोत शिरायचं, डमडमला उतरायचं, टोटोनं, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षानं, साइटवर जायचं आणि नुसतं उभं राहायचं. पाया खणताना खड्डा पाण्यानं भरला. दोन पंप रात्रंदिवस चालले. मी विचारलं तर प्रमोटर म्हणाला, "दादा, कोलकाता है. यहाँ चम्मच से खोदो तो भी पानी निकलता है." पटलं मला. कधी वाळू आली नाही म्हणून काम बंद, कधी आळीतल्या क्लबच्या पोरांचं पूजेच्या वर्गणीवरून बिनसलं म्हणून बंद. कधी काम चालू असे आणि मी नसे, तेव्हा तर मला ऑफिसात खुर्ची टोचायची. जेवताना मोबाइलवर डमडमचे भाव बघायचो. वाढले की भीती वाटायची, की आता उतरतील. उतरले की वाटायचं, आपण बघितलं म्हणून उतरले. ही म्हणायची, "मुलीच्या बाळंतपणाला नव्हत्या इतक्या येरझाऱ्या घातल्यात तुम्ही."

पण बाहेर मात्र माझा डंका. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी त्या फ्लॅटचं असं वर्णन केलं, की आरती लांबली. गॅलरीतून गंगा दिसते म्हणालो. गंगा तिथून कोसभर लांब. सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत काम करणारं एक सांगलीचं तरुण जोडपं होतं, दोघंही डोळे मोठे करून ऐकत होते. "काका, काही निघालं तर आम्हाला सांगा हं," मुलगा म्हणाला. "तुम्ही बघितलेलं म्हणजे आम्ही डोळे झाकून."

चार मजले उभे राहिले. दारं-खिडक्या तेवढ्या राहिल्या होत्या. डोक्यावर छत आल्याशिवाय मी बघायला येणार नाही, असं हिनं सांगून ठेवलं होतं. म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी तिला घेऊन गेलो. निवृत्तीला तेव्हा वर्ष उरलं होतं.

आम्ही फाटकाशी पोचतो न पोचतो, तोच गल्लीच्या तोंडाशी शंख वाजला. बघतो तर बायकांची मिरवणूक! सव्वाशे बायका, पन्नास शंख. लाल काठाच्या साड्या, हातात सूप, डोक्यावर पितळेचा कलश, आणि जिभा हलवून केलेला तो उलूलूचा गजर, की नारळाच्या झावळ्या थरथरल्या. सरळ आमच्या इमारतीच्या दिशेनं.

"बघ," मी हिच्या कानात म्हणालो. "आपल्या वास्तूची पूजा करायला अख्खी आळी आलीय. नाशिकला आली असती?"

"अकराजणी आहेत," ही म्हणाली. "आणि शंख दोन."

वॉचमननं मुकाट्यानं फाटक उघडलं. बायका आत आल्या आणि त्या तीन पायऱ्यांशी गेल्या. दोन पायऱ्या आता सिमेंटखाली गेल्या होत्या, वरची तेवढी राहिली होती. तिच्यावर त्यांनी तेल ओतलं, कुंकू लावलं, पान-सुपारी ठेवली. मग बांधकामाच्या नळाखाली कलश धरला. त्यांच्यात एक म्हातारी होती, नव्वदीची. हिच्या मते पंच्याहत्तर. तिनं हिला हातानं जवळ बोलावलं. भाजीवाल्यांशी घासाघीस करून करून आमच्या हिचं बंगाली माझ्यापेक्षा कितीतरी बरं. आधी दोघी हसतहसत बोलत होत्या. मग ही हसायची थांबली.

मी पुढे झालो. माझी दया येऊन म्हातारी हिंदीवर उतरली. "ये हमारा पुकुर है ना," ती म्हणाली. पुकुर म्हणजे तळं. "आज हमारा नातनी का शादी है. शादी का दिन सुबह पुकुर से पानी लेना पड़ता है. मेरा शादी का पानी इधर से गया, मेरा बेटी का भी इधर से गया. अब पुकुर में माटी डाल दिया. क्या करेगा? नल से लेता है. नियम तो माटी डालने से नहीं जाता."

"किती... कितना गहरा था?" मी विचारलं.

तिनं आमच्या मधल्या खांबाकडे बोट केलं. "ओइखाने दो हाथी डूबेगा. एक के ऊपर एक."

मी घाईघाईनं पाचानं भागायला लागलो. पण दोन हत्तींना पाचानं भागून काय उरतं ते मला आजवर कळलेलं नाही. तेवढ्यात कवायतीला उभ्या असल्यासारख्या त्या नारळांकडे माझं लक्ष गेलं. तळ्याच्या काठानं लावलेले नारळ. आणि त्या पायऱ्या घाटाच्या.

जाताना म्हातारीनं हिच्या तळहातावर कलशातलं थोडं पाणी घातलं. हिनं ते डोळ्यांना लावलं.

परत येताना मेट्रोत मीच बोलत होतो. व्हेनिस म्हणालो, मुंबईचा निम्मा भाग समुद्रात भराव घालून झालाय म्हणालो. शोभाबाजार आलं, गिरीश पार्क आलं. सेंट्रलच्या जवळ ही एवढंच म्हणाली, "नाशिकला खडक होता."

दुसऱ्या दिवशी मी ते बंगाली कागद आमच्या वकिलापुढे टाकले. त्यानं चष्मा वर केला, मग खाली केला. सरकारी नोंदीत ती जागा अजूनही तळंच होती. तळं बुजवायला इथे बंदी. म्हणजे इमारत पुरी झाल्याचा दाखला अडणार, आणि तो नसेल तर कुठलीही शहाणी बँक त्या फ्लॅटवर कर्ज देणार नाही. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीच त्यावर लाल शेरा मारला असता, आणि वर चहा पिता पिता त्या मूर्खाची गोष्ट चारचौघांत रंगवून सांगितली असती.

"इमारत पडेल का?" मी ओळखीतल्या एका निवृत्त इंजिनियरला विचारलं.

"शंभर वर्षंही उभी राहील," तो म्हणाला. "किंवा एका बाजूला जराशी कलेल. खाली कसं काय घातलंय ते त्या प्रमोटरलाच माहीत."

प्रमोटरनं फोन उचलणं कमी केलं होतं. उचलला की म्हणायचा, "सर्टिफिकेट कल हो जाएगा."

मग मी गोटी आणली. जमिनीवर ठेवायची, घरंगळते का बघायचं. सियालदहच्या घाऊक बाजारात गेलो, तर तो दुकानदार एक गोटी द्यायला तयार होईना. शेवटी बारा डझन गोट्या घेतल्या. हे मात्र खरंच बारा डझन, इथे भागायचं नाही. एक खिशात ठेवली, बाकीच्या क्वार्टरमधल्या पोरांना वाटल्या. त्यांच्या आया अजून माझ्याशी बोलत नाहीत. रोज संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर जायचो, हॉलच्या मधोमध गोटी ठेवायचो आणि श्वास रोखून उभा राहायचो. काही दिवस ती जागची हलायची नाही, आणि त्या आनंदात मी जिना दोनदोन पायऱ्यांनी उतरायचो. काही दिवस खिडकीकडे निघायची, अगदी सावकाश, जाऊ का नको असं विचारत. मग मी स्वतःला सांगायचो, वारा आहे. बंद हवेतसुद्धा.

जानेवारीत त्या सांगलीच्या मुलाचा फोन आला. "काका, विकायचा विचार आहे का हो? माझ्या बाबांचा एक प्लॉट आहे सांगलीला. ते विकायला तयार आहेत. बँकबिंक नकोच, सरळ व्यवहार."

बँक नको! म्हणजे दाखला कुणी मागणार नाही. मी तिथल्या तिथे त्यांना रविवारी चहाला बोलावलं. निवृत्तीला दहा महिने होते. भावात येईल ते नाशिकला लावायचं, प्लॉट नाही तर दोन खोल्या. किल्ली जमली असती. मी हिला सांगितलं, "गिऱ्हाईक मिळालं." तिनं विचारलं, "कोण?" मी नाव सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिचं ते "बरं" मी आठवडाभर उलटंपालटं करून बघत होतो.

रविवारी दोघं आली. मुलीनं हिच्यासाठी तिळाच्या वड्या आणल्या होत्या. ही आत साबुदाण्याची खिचडी करत होती. मी सुरू झालो. मेट्रो, विमानतळ, पायलटच्या मिशा. मुलगा हसत होता. मुलीनं पर्समधून मोबाइल काढला. "काका, हा बघा बाबांचा प्लॉट. सासूबाईंनी किती जपला होता! विकायचा म्हटलं तर त्या बोलतच नाहीयेत कुणाशी."

फोटोत चार कोपऱ्यांवर चार दगड होते. चुना लावलेले.

माझ्या तोंडातली मेट्रो तिथेच थांबली.

काय झालं मला, सांगता येत नाही. मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, आणि सगळं सांगून टाकलं. नारळ, पायऱ्या, बायका, शंख, म्हातारी, एकावर एक दोन हत्ती, सरकारी नोंद, खिशातली गोटी. गोटी काढून दाखवलीसुद्धा.

दोघं जी हसायला लागली! मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काका, तुम्ही म्हणजे ना!" तो म्हणाला. "सव्वाशे बायका आणि हत्ती! भाव वाढवायला आणखी काही सुचलं नाही का?"

"काकूंचा नियम आहे ना, भागिले पाच," मुलगी म्हणाली. "म्हणजे एखादं डबकं असणार तिथे. हो की नाही?"

"अरे, खरं सांगतोय मी!"

"गंगेसारखं खरं ना? गॅलरीतून दिसते ती?"

आणि ते पुन्हा हसले. मी खुर्चीत बसलो. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं, जितकं दोन वर्षांत कधी वाटलं नव्हतं. सांगितलं की नाही मी? सांगितलं. लपवलं का काही? नाही. आता त्यांना पटत नाही त्याला मी काय करू? मन साफ, व्यवहार साफ, नाशिक समोर. जन्मभर थापा मारल्याचं पुण्य असं एकदम फळाला आलं होतं! मीही हसायला लागलो. गोटी खिशात टाकली.

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. ही दारात येऊन उभी राहिली.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "खाली तळं आहे. यात भागायचं नाही."

तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जसं काही खिचडीत मीठ कमी आहे असं सांगावं. दोघं हसायची थांबली. मुलीनं हातातली बशी खाली ठेवली.

"आम्हाला नोव्हेंबरात कळलं," ही पुढे म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांना आजच फोन कर. प्लॉट ठेवा म्हणावं. आणि खिचडी झालीय, खाऊन जा."

खिचडी कुणी फारशी खाल्ली नाही. जाताना मुलानं वाकून नमस्कार केला. हिला केला. मी बाजूलाच उभा होतो.

दार लागलं आणि मी उसळलो. "आता कुठून आणू तुझी किल्ली? दहा महिने राहिलेत! तुला काय गरज होती मधे पडायची? मी सांगितलं होतं ना सगळं?"

"सांगितलंत," ती म्हणाली. "मी ऐकत होते. पटणार नाही असं सांगितलंत."

"मुद्दाम नाही!"

"मुद्दाम नाही म्हणूनच सांगते. किल्ली मी तुमच्याकडे मागितली होती. त्या पोरीच्या सासूकडे नाही."

यावर मी बोललो नाही. हे ऐकून माझ्या ओळखीतली पाचशे माणसं थक्क होतील. बरं, शंभर.

तिनं भांडी घासली, साडी बदलली, पर्स घेतली आणि म्हणाली, "चला. डमडमला."

नोव्हेंबरनंतर ती पहिल्यांदाच आली. दुसऱ्या मजल्यावर चौकटी होत्या, दारं नव्हती. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत अजून उभी व्हायची होती, विटांची नुसती एक ओळ घातलेली. ही त्या ओळीच्या पलीकडे उभी राहून चारी भिंती बघत होती. मी हॉलमध्ये. मी मुद्दाम त्या विटांवर पाय दिला आणि थांबलो.

तिचं माझ्या पायांकडे लक्षच नव्हतं. खाली नळ ठिबकत होता तिकडे बघत होती.

मग म्हणाली, "गोटी ठेवा बघू."

मी ठेवली. गोटी जरा वेळ थांबली आणि खिडकीकडे निघाली.

"हं," ती म्हणाली. "आणि दारं कधी लावणार म्हणतो तो?"

मी तिच्यासमोर फोन लावला. आश्चर्य म्हणजे प्रमोटरनं उचलला. "दादा, कल!"

"कल म्हणतोय."

"तुमच्या आकड्याला भागावं लागतं," ही म्हणाली. "त्याच्या आकड्याला कितीनं गुणायचं ते बघायला पाहिजे. दाखल्याचंही तसंच. दोन्ही आता मी विचारत जाईन त्याला. बंगालीत." तिनं पदरानं एका सिमेंटच्या गोणीवरची धूळ झटकली आणि तिच्यावर बसली. "बसा की तुम्हीपण."

मी नाही बसलो. आता ती दर रविवारी येते, फोनवर प्रमोटरला बंगालीत झापते, त्या म्हातारीकडे चहा पिऊन येते. किल्ली अजून मिळालेली नाही, दाखलाही नाही. दारं तेवढी दोन बसली आहेत. मला मात्र त्या मजल्यावर अजून बसवत नाही. पायांखाली काहीतरी हलतंय असं सारखं वाटतं. ही म्हणते, "अहो, ते तळं नाही. तुमचेच पाय हलतायत."